घुमटाला घुमायला जागा द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ब्लॅक मेटल या वेगवान, कर्कश रॉक संगीताचे नाव काढले की आपल्याकडे रंगवलेले चेहरे, किंकाळ्या आणि सैतान एवढेच डोळ्यांसमोर येते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या काही जणांची मजल चर्च जाळण्यापर्यंत गेली, तेव्हापासून हा शिक्का बसला. पण याच संगीतातून रान, डोंगर आणि पूर्वज यांना शरण जाणारी एक धारा निघाली आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातला 'नेचोच्वेन' हा बँड शॉनी आणि लेनापे या तिथल्या मूळ रहिवाशांचा वारसा मांडतो, आणि साध्या गिटारला व आदिवासी बासरीला त्यात मोकळी जागा देतो. सातेरी या भूदेवीला रोयणीच्या (वाळवीच्या वारुळाच्या) रूपात पुजणाऱ्या, देवराईत कोयता न चालवणाऱ्या गोव्याला ही भाषा परकी वाटू नये. इथल्या मुलांनी हे संगीत जरूर करावे. मात्र २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य ठरलेले घुमट (एका तोंडावर कातडे ताणलेले मडके) त्यात चवीपुरते टाकू नये.

अडचण वेगाची आहे. ब्लास्ट बीट, म्हणजे या संगीतातला ड्रमचा झपाट्याचा ठेका, मिनिटाला २०० ठोक्यांवर चालला आणि गिटार एका ठोक्यात चार आघात करू लागली, की दोन आघातांमध्ये उरतात ७५ मिलिसेकंद. घुमटावर थाप पडल्यावर मडक्यातली हवा याहून जास्त वेळ घुमत राहते. डाव्या हाताने मागचे तोंड झाकून-उघडून काढलेला तो 'घुंम' पुरा होण्याआधीच पुढची थाप पडते आणि सगळा चिखल होतो. त्यात खर्जाची जागा बास गिटार आणि डबल बास ड्रमने आधीच अडवलेली असते. म्हणून वेगवान भागात काठ्यांनी वाजणारे शामेळ (छोटे नगारे) आणि कांसाळे (झांज) घ्यावे. गिटार एकच सूर लांब धरते आणि लय निम्म्यावर येते, तिथे घुमट आणावे, आणि तेवढ्यापुरती बास गिटार गप्प ठेवावी.

रेकॉर्डिंगला माइक दोन हवेत. एक कातड्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर आणि दुसरा मागच्या तोंडाशी तेवढ्याच अंतरावर, पण हाताच्या वाटेतून जरा बाजूला. कातडे आत दबते तेव्हा मागून हवा बाहेर पडते. त्यामुळे दोन माइकचे तरंग एकमेकांच्या उलट येतात आणि एकत्र केले की खर्जच नाहीसा होतो. मग घुमटाला दम नाही म्हणून कॉम्प्युटरातले तयार ढोल लावले जातात. वाद्यावर हा अन्याय आहे! मागच्या माइकचा फेज (तरंगाची दिशा) उलटवा आणि पुन्हा ऐका.

पावसाळ्यात कातडे ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. एसीचा झोत थेट लागला तर ते आक्रसते आणि सूर चढतो. घुमट तासभर आधी स्टुडिओत आणून ठेवावे, प्रत्येक टेकआधी सूर पाहावा आणि फरक पडलाच तर गिटार त्याच्याशी जुळवून घ्यावी. घोरपडीच्या कातड्याचाच आवाज खरा, हा हट्ट तर कायमचा सोडावा. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. बकऱ्याचे पातळ कातडे नीट ताणून बांधले तर माइकसमोर ते कुठेही कमी पडत नाही. निसर्गपूजेची गाणी रानातला जीव मारून कशी करायची?

धालो या बायकांच्या लोकनृत्यातल्या ओव्यांचेही तसेच. मांड, म्हणजे धालोचे अंगण, ही पवित्र जागा आहे, तिथे रात्री बायका फेर धरतात तेव्हा चोरून मोबाइल धरू नये. आधी विचारावे, तयार गाणे त्यांना ऐकवावे, अल्बमवर त्यांच्या वाड्याचे (वस्तीचे) नाव घालावे आणि मानधन द्यावे. ब्राझीलच्या 'सेपुल्तुरा' या मेटल बँडने १९९६च्या अल्बमसाठी तिथल्या शावांते आदिवासींच्या गावी जाऊन, त्यांना सोबत घेऊन रेकॉर्डिंग केले होते. आपले वेळीप, गावडे आणि कुणबी हे आदिवासी समाज तर तासाभराच्या अंतरावर आहेत.

आणि कव्हरच्या फोटोसाठी कोणी रोयणीवर चढू नये. ती ढासळली की वाळवीने आत जोपासलेली बुरशी उघडी पडून सुकते, आणि पुढच्या पावसात तिथे अळमी (रानटी अळंबी) उगवत नाहीत.

आपला,
एक वाचक, काणकोण