बाबा, ही शिक्षा नव्हे

पुणे, रविवार

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

काल बाबा फोनवर म्हणाले, "धाकट्या भावाच्या वाट्याचं घर दाबून बसलो, म्हणून देवाने हात घेतला." रात्रभर झोप लागली नाही. बोलायला गेलं की गळा दाटतो, म्हणून लिहितेय. आई, तू हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, योहानाच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतला होता. जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही, त्यांनीही नाही. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून जास्त अपराधी होती का? तिथेही तो नाहीच म्हणतो. पश्चात्ताप करा, असंही तिथेच सांगतो, ते मी गाळत नाही. पण ते समोर धडधाकट उभे असलेल्या सगळ्यांना. तुमचं ब्लडप्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं होतं, गोळ्या चुकत होत्या, त्यातून हा पक्षाघात झाला.

काकांवर अन्याय झाला, हे खरं आहे. ते नाकारून मी तुमची समजूत घालणार नाही. पण हात लुळा पडल्याने ती बाकी फिटत नाही. आपण रोज म्हणतो, 'आमची ऋणे आम्हांस सोड.' पतसंस्थेत तुमचा जन्म गेला. कर्ज माफ केलं तरी तोटा कुणीतरी सोसतोच, हे तुमचंच वाक्य. तो तोटा येशूने वधस्तंभावर सोसून झालाय. मग देव तुमच्या हाताकडून हप्ते कशाला वसूल करील?

काकांचं मात्र काकांशीच बोलायला हवं. जक्कय हा श्रीमंत जकातदार. त्याला येशू आधी म्हणाला, आज तुझ्या घरी उतरणार. कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो, हे जक्कय नंतर बोलला. या क्रमाचा मला फार आधार वाटतो.

आई, देवाला 'का' विचारलंस म्हणून तू प्रार्थनेला बसत नाहीस असं कळलं. बस गं. 22व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत 'का' आहे, आणि वधस्तंभावर येशूने तीच ओळ उच्चारली.

शनिवारी येतेय. बाबा, बोटांचा व्यायाम चुकवू नका. काकांचा नंबर डायरीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. उजव्या हाताने लावता येईल.

तुमची लेक