जुन्या बडोद्याला कमानीच शोभतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरांच्या बदलत्या चेहऱ्याविषयी गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. आजच्या काळात कमानी, घुमट, नक्षीचे खांब बांधणे ही जुन्याची नक्कल आहे आणि नव्या इमारती सपाट, साध्या, काचेच्या असणेच प्रामाणिक आहे, असे लेखकाचे म्हणणे. मी बडोद्यात जन्मले, दांडिया बाजारात वाढले आणि शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवली. मला हे मुळीच पटले नाही.

आधी नक्कलीचेच पाहू. आमच्या विद्यापीठाच्या कला शाखेची इमारत म्हणजे पूर्वीचे बडोदा कॉलेज. तिचा घुमट पाहिला की विजापूरचा गोल घुमट डोळ्यांसमोर येतो. रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुकाराने त्याच्याही दोन शतकांपूर्वीची आपली विद्या उचलली आणि महाविद्यालयासाठी वापरली. त्याला बडोद्यात कोणी नक्कल म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारले आणि काम चिझम यांच्याकडे आले; १८९० मध्ये राजवाडा पूर्ण झाला. एका माणसाने मांडलेले दुसऱ्याने पुरे केले, तरी एकाचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते ते माझ्या डोळ्यांना आजवर ओळखता आलेले नाही. दोघांनाही कमान, सज्जा, छत्री, जाळी यांची रीत माहीत होती म्हणून ते जमले. ही रीत कोणा एकाच्या मालकीची नसते. ती गवंड्याला येते, सुताराला येते आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही वाचता येते. काचेचा ठोकळा त्याच्या आराखडा करणाऱ्यापलीकडे कोणाचाच होत नाही.

गायकवाड घराण्याचे स्मारक असलेले कीर्तिमंदिर तर १९३६ चे. तोवर युरोपात सपाट छपरांच्या पांढऱ्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि जग हिंडलेल्या सयाजीरावांना ते माहीत नसेल असे मला वाटत नाही. तरीही त्यांनी शिखरेच बांधली आणि आतल्या भिंती रंगवायला नंदलाल बोस यांना बोलावले. त्या काळच्या चित्रकाराला ती भिंत जुनाट वाटली नाही. गंगावतरण आणि महाभारताचे युद्ध त्यांनी तिथेच रंगवले.

आता नक्षीविषयी. लेखक तिला वरवरची सजावट म्हणतात. दर हिवाळ्यात मी आठवीची मुले घेऊन सूरसागर तलावाच्या काठी न्यायमंदिराचे चित्र काढायला बसत असे. १८९६ ची ही इमारत मुळात भाजी बाजारासाठी बांधली होती, पुढे तिथे न्यायालय आले, हे सांगितले की मुलांचे डोळे मोठे होत. तीन तास बसूनही कोणाचे चित्र पुरे होत नसे. कमानीच्या आत कमान, तिच्याखाली पडलेली सावली, सावलीत उभा माणूस. मुलांना आपोआप कळे की कंगोऱ्याखाली पाणी ओघळत नाही, म्हणून तिथला दगड स्वच्छ आहे. एका वर्षी अलकापुरीतल्या काचेच्या इमारतीसमोर बसवले. दहा मिनिटांत सगळ्यांची चित्रे झाली, सगळी सारखीच. एका मुलीने विचारले, "बाई, यात दार कुठे आहे?" मलाही चटकन दाखवता आले नाही.

आमच्या गावी मे महिन्यात पारा ४२ अंशांवर सहज जातो. अशा गावात पश्चिमेला काचेची भिंत उभी करायची, आतली उष्णता यंत्राने बाहेर फेकायची आणि ती पुन्हा रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर सोडायची! छज्जा, जाळी, जाड भिंत आणि उंच छत हे काम वीज न जाळता करत आले आहेत. पूर्वीच्या चुन्याच्या भिंतीचा एक तुकडा पडला तर तेवढाच दुरुस्त होतो. काँक्रीटमधली सळई गंजली की ती फुगते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडते.

नव्या पद्धतीच्या सगळ्याच वास्तुकारांना मी दोष देत नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी आमच्या खत कारखान्याची वसाहत बांधली. तिच्याबद्दल मला आदर आहे. ल कॉर्ब्युझिए या युरोपातल्या नव्या पद्धतीच्या नामवंत वास्तुकारानेही अहमदाबादच्या मिलमालक संघाच्या इमारतीला पश्चिमेच्या उन्हासाठी काँक्रीटच्या तिरप्या फळ्या लावल्या. आमच्या झरोक्याचे कामच त्या फळ्या करतात. त्यांच्यामागून आलेल्यांनी सपाटपणा तेवढा घेतला, उन्हाचा विचार सोडून दिला.

हे मी दुरून लिहीत नाही. आमचा वाडा १४ वर्षांपूर्वी पाडला. ओट्यावर सकाळी भाजीवाली टोपली टेकायची, दुपारी शेजारच्या काकू निवडण-टिपण घेऊन बसायच्या, पावसात अडकलेला कोणीही छज्जाखाली उभा राहायचा. तिथे आता तळाला गाड्या, वर निळी काच आणि रस्त्याकडे लोखंडी शटर आहे. वाडा पाडून नवे बांधायला संमतीची सही करणाऱ्यांत माझे वडीलही होते. त्यांना दाखवलेल्या चित्रात ओटा होता. बांधताना तो गाळला गेला.

माझी मागणी मोठी नाही. लहरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आत नव्या बांधकामाला परवानगी देताना शेजारच्या घरांची उंची, रस्त्याला छज्जा आणि बसायला ओटा या अटी घालाव्यात आणि दर्शनी भाग संपूर्ण काचेचा करू देऊ नये. मंजुरीआधी समोरच्या बाजूचे चित्र शेजाऱ्यांना पाहता येईल असे त्या गल्लीतच लावावे. नकाशे मंजूर करणारी आमची महानगरपालिका खंडेराव मार्केटच्या जुन्या कमानदार इमारतीत बसते. तिथल्या अधिकाऱ्यांनी एकदा खाली उतरून, समोरच्या रस्त्यावरून आपली इमारत पाहावी आणि मग हातातल्या नकाशावर सही करावी.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा