गुरुजींना खरं सांग

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल गुरुजी येऊन गेले. चहा होईस्तोवर ओसरीत बसले आणि मला म्हणाले, "पोरीले 'धग' लय आवडली म्हन्ते. फोनवर सांगतलं तिनं." मी काही बोललो नाही. पुस्तक तर आतल्या फळीवर पडलेलं, आणि तुझं अमरावतीच्या बसचं तिकीट अजून 19व्या पानातच.

रागावलो नाही. नाही आवडलं तर नाही आवडलं. उद्धव शेळक्यांनी 1960 साली लिहिलेली कादंबरी, माणसं आपल्यासारखी वऱ्हाडी बोलतात. पण घरात बोलतो तीच बोली छापून आली की वाचताना अडखळायला होतं. मलाही झालं. तेवढंच सांगितलं असतंस तरी गुरुजींना बरं वाटलं असतं. ते कोणाला पुस्तक देत नाहीत गं. तुला स्वतःची प्रत दिली, नायिका कौतिकच्या बोलण्याखाली पेन्सिलीच्या रेघा मारलेली. आता ते असंच दुसरं शोधून ठेवतील, आणि त्यालाही तू 'मस्त' म्हणशील.

लहानपणी तू अशी नव्हतीस. पंगतीत आजीनं अंबाडीची भाजी वाढली, सगळे छान छान करत होते, आणि तू म्हणालीस, "आजी, खारट झाली." तुझी आई डोळे वटारत राहिली. आजीनं बोट लावून चाखली, हसली. पुढे भाजी उतरवायच्या आधी थोडी तुझ्या तळहातावर ठेवायची. अंथरुणाला खिळली तरी म्हणायची, "चिऊले इचारा."

मोठ्यांना खरं सांगितल्यानं त्यांचा मान जात नाही. "गुरुजी, इथवर वाचलं, इथे अडले," एवढं म्हणावं, का अडले तेही सांगावं. म्हणजे पुढचं पुस्तक देताना त्यांना... जाऊ दे, भाषणच झालं. कापसाची वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीत, डोकं ठिकाणावर नसतं. मनाला लावून घेऊ नको.

पण पुण्यात मोठमोठी माणसं भेटतील, काय काय सुचवतील, आणि तू सगळ्यांना हो हो करत बसशील, हेच मला खुपतं. मलाही रोज सांगतेस, "बाबा, मस्त चाललंय." गुरुजी गेल्यापासून वाटतं, तेही तसंच असेल का?

रविवारी गुरुजींना फोन कर. पुस्तक मामासोबत पाठवतो. आणि मेसचं जेवण, खोलीतली ती मुलगी, पहिल्या परीक्षेचं, खरं कसं आहे ते मला लिही. कितीही लांब लिही.

तुझे बाबा