'केली'च्या पुढचा फिश

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांवर लेख आला होता, त्यात मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडचं 'केली' बघून बरं वाटलं, पण ते गाणं लिहिणारा आणि गाणारा फिश बँड सोडल्यावर संपला अशा थाटात दोन ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

फिश म्हणजे डेरेक विल्यम डिक, जन्म १९५८, एडिनबराजवळच्या डॅल्कीथचा. वडिलांचं गॅरेज होतं, तिथे पेट्रोल भरलंय पठ्ठ्याने. बाथटबमध्ये शिरला की लवकर बाहेर यायचा नाही म्हणून हे नाव पडलं म्हणे. १९८१ मध्ये मॅरिलियनमध्ये आला, उंच धिप्पाड माणूस, तोंडाला रंग फासून गायचा, त्यामुळे जेनेसिस बँडचा जुना गायक पीटर गॅब्रिएल, जो असाच वेश करून गायचा, त्याची नक्कल करतो असं टीकाकार बोलायचे. बोलू देत. १९८५ ला 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' आला आणि ब्रिटनमध्ये थेट एक नंबर, 'केली' दोन नंबरवर अडकलं, कारण वर ब्रॅडफर्डच्या स्टेडियमला लागलेल्या आगीतल्या लोकांसाठी काढलेलं मदतीचं गाणं होतं, त्याला कोण हरवणार.

आता मुद्दा. 'केली' सगळे प्रेमगीत म्हणून ऐकतात, पण नीट ऐका, तो माफी मागतोय, तीही धड जमत नाहीये, आणि हेच फिशचं खरं बलस्थान. स्वतःला सोडत नाही हा माणूस. १९८७ च्या 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'मध्ये टॉर्च नावाचा एक लेखक आहे, वय २९, कामधंदा नाही, बारमध्ये बसून पितोय आणि लिहायचं राहून जातंय, आणि हा टॉर्च म्हणजे बऱ्याच अंशी तोच, हे त्याने लपवलं पण नाही. पुढच्याच वर्षी बँड सोडला. सततचे दौरे, त्यात मॅनेजरचा वाटा एकूण कमाईवर, म्हणजे शो जितके जास्त तितका त्याचा फायदा आणि घसा मात्र फिशचा, असं त्याचं म्हणणं.

सोडल्यावर मागे पडला म्हणता, तर १९९० चा पहिला सोलो अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या नंबरवर होता. मग मात्र रेकॉर्ड कंपनीशी वाद, पैशाची ओढाताण, हॅडिंग्टनजवळच्या शेतघरात स्टुडिओ टाकला, स्वतःचं लेबल काढलं, १९९७ ला पॉर्क्युपाइन ट्री बँडच्या स्टीव्हन विल्सनला सोबत घेऊन 'सनसेट्स ऑन एम्पायर' केला. चार्टच्या हिशोबाने ही उतरण असेल, मान्य, पण लेखन चढतच गेलं. २०१३ च्या 'अ फीस्ट ऑफ कॉन्सिक्वेन्सेस'मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईवर पाच गाण्यांची सलग मालिका आहे, आणि हा माल कुठल्याही बड्या कंपनीशिवाय थेट चाहत्यांना घरपोच विकलाय. शेवटचा 'वेल्टश्मर्ट्स' २०२० चा, दोन सीडींचा. त्यातलं 'गार्डन ऑफ रिमेंबरन्स' ऐका, नवरा-बायको आहेत, एकाची आठवण हळूहळू चाललीये आणि दुसरं माणूस शेजारीच असून एकटं पडलंय. ज्यांच्या घरी आई-वडिलांचा स्मृतिभ्रंश बघितलाय त्यांनी जरा जपून ऐकावं. हे गाणं तिशीतल्या फिशला लिहिता आलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

नावं ठेवायला जागा आहेच. तरुणपणीचे शब्द कधीकधी फार भरजरी व्हायचे, एका ओळीत चार प्रतिमा कोंबायच्या आणि श्रोत्याने धापा टाकायच्या. आवाजही नंतर बराच खाली आला, जुनी गाणी खालच्या पट्टीत गावी लागायची. पण त्याने ते ओढून ताणून रेटलं नाही, रीतसर निरोपाचा दौरा जाहीर केला, मार्च २०२५ मध्ये ग्लासगोला शेवटचे शो केले आणि स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांमधल्या बर्नरे बेटावर थोडी जमीन घेऊन बायकोबरोबर राहायला गेला.

आपल्याकडे रॉकवाल्यांवर पानभर मजकूर येतो तो बहुतेक ते गेल्यावरच. हा माणूस हयात आहे, धडधाकट डोक्याने स्वतः थांबलाय, तर त्याच्या सोलो अल्बमवर एक सविस्तर लेख आत्ताच छापा की. लेखकाला एवढंच सांगा, 'केली' शेवटी ऐकायचं.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली