लकडी पुलापासून संगमापर्यंत चालता येईल अशी वाट आधी करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या बातम्या आणि त्यावरचे वाद आपल्या पानांवर गेली काही वर्षं सतत येत आहेत. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालेला हा प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे. झाडं, पूररेषा, खर्च यांवर जे बोललं जातंय ते महत्त्वाचंच आहे. पण एवढ्या मोठ्या आकड्यांत एक लहान आणि आज होण्यासारखी गोष्ट राहून जाते आहे, म्हणून हे पत्र. लकडी पूल ते मुळा-मुठेचा संगम हा मुठेचा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा पट्टा आहे. पुण्याचा तीनशे वर्षांचा इतिहास या पट्ट्यात नदीला खेटून उभा आहे. महापालिकेने इथे सलग पायी फिरता येईल अशी वाट आखावी. नवी भिंत नको, भराव नको. आहे तेच नीट जोडून द्यायचं आहे.

वाट अशी असावी. सुरुवात डेक्कनच्या बाजूने, लकडी पुलाच्या टोकापासून. पानिपतानंतर, १७६१ च्या सुमारास इथे पहिला पूल झाला तो लाकडाचा. आज आपण वापरतो तो पुष्कळ नंतरचा. तिथून डाव्या काठाने पुलाची वाडी ओलांडून संभाजी उद्यान आणि पुढे बालगंधर्व रंगमंदिर. ज्यांना सवड आहे त्यांनी मध्येच जंगली महाराज रस्त्यावर वर चढून पाताळेश्वर पाहून यावं. आठव्या शतकातलं, एकाच कातळात कोरलेलं लेणं आणि समोरचा गोल नंदीमंडप नदीपासून काही मिनिटांवर आहे, तरी बाहेरगावच्या पाहुण्याला ते सांगायला एकही पाटी नदीच्या बाजूला नाही.

बालगंधर्वपाशी पूल ओलांडून उजव्या काठावर यायचं, की समोर ओंकारेश्वर. थोरल्या बाजीरावांच्या काळातलं हे देऊळ, त्याची दगडी तटबंदी आणि नदीकडची बाजू मला या सगळ्या वाटेवरची सर्वांत देखणी जागा वाटते. एकेकाळी इथे स्मशान होतं. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात ते अजून येतं. इथून शनिवार पेठेतून अमृतेश्वराच्या बाजूने गेलं की शनिवारवाडा. वाड्याबद्दल मी वेगळं काय लिहिणार? १७३० च्या जानेवारीत पायाभरणी, १८२८ मध्ये आग, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मात्र वाडा नदीच्या इतक्या जवळ आहे, हे वाड्याच्या पटांगणात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. रहदारी आणि इमारतींनी नदी त्याच्या नजरेआड केली आहे. वाट आखली तर निदान ते नातं पायांना कळेल.

पुढे शिवाजी पूल, म्हणजे आपला नवा पूल. हा ‘नवा’ पूल १९२३ सालचा आहे आणि त्याने शंभरी ओलांडली आहे. त्याच्या दगडी कमानी पुलावरून चालताना दिसतच नाहीत. त्या पाहायच्या तर खाली काठावर उतरायला हवं किंवा शेजारच्या पुलावर थांबायला हवं. फिरण्याची वाट आखणाऱ्याने नेमका हा विचार करायचा असतो: कोणती वास्तू कुठून पाहिली की पूर्ण दिसते, आणि तिथे दहा माणसं रस्त्यात न येता थांबू शकतील का. आज अशा प्रत्येक जागी एक तर पार्किंग आहे, नाही तर राडारोडा. नवा पूल ओलांडून पुन्हा डाव्या काठाला यायचं आणि न्यायालयाच्या बाजूने संगमाकडे जायचं. संगमावर ब्रिटिश रेसिडेन्सी होती, पेशव्यांच्या दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी एल्फिन्स्टन याचा मुक्काम तिथे असे आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी ती जाळली गेली. १८५४ मध्ये सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालयही याच परिसरात आहे. मुळा आणि मुठा एकत्र येतात ती जागा शांतपणे पाहता येईल असा साधा कट्टाही तिथे लोकांसाठी असू नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता अडचणीचं बोलतो. या वाटेचा खालचा भाग पावसाळ्यात पाण्याखाली जाणार. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल बुडतो, हे पुण्याला दरवर्षीचं आहे. २५ जुलै २०२४ ला पुलाची वाडी आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांनी काय सोसलं ते अजून ताजं आहे. म्हणून वाट दुहेरी हवी: कोरड्या दिवसांत काठाकाठाने जाणारी आणि पावसाळ्यात वरच्या रस्त्यांनी, पुलांवरून जाणारी. दोन्हींच्या खुणा वेगळ्या रंगांच्या असाव्यात आणि विसर्गाचा इशारा आला की खालची वाट तिथल्या तिथे बंद करणारा माणूस नेमलेला असावा. खाली काँक्रीट ओतलं तर पाण्याची जागा कमी होते आणि ते शेवटी पुलाच्या वाडीसारख्या वस्तीत शिरतं. त्या घरांतल्या लोकांना हलवून सुंदर काठ करण्याची कल्पना कुणाच्या मनात असेल, तर ती मला मान्य नाही. चालणाऱ्यांना चहा देणारे तेच असतील.

माझा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि या काठच्या पेठा बुडाल्या. त्या दिवशी पाणी कुठवर चढलं होतं, याच्या खुणा वाटेवर जागोजागी कोरून ठेवाव्यात: पुलांच्या खांबांवर, घाटांच्या भिंतींवर. ज्यांनी ते पाणी पाहिलं ती पिढी आता थकली आहे. ती आहे तोवर त्यांना विचारून या खुणा पक्क्या करता येतील. माणूस चालता चालता आपल्या डोक्याच्या वर ती रेघ पाहील, तेव्हा पूररेषा म्हणजे काय हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

वासाचा प्रश्न मी टाळत नाही. उन्हाळ्यात पात्रात मुख्यतः सांडपाणीच वाहतं आणि मैलाशुद्धीकरण पूर्ण झाल्याशिवाय त्यावर उपाय नाही. पण नदी स्वच्छ होईपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसलो, तर ती स्वच्छ करा म्हणणाराही कुणी उरणार नाही.

बाकी मागण्या साध्या आहेत. सलग पदपथ, शिवाजी रस्ता ओलांडायला वेळ देणारा सिग्नल, रात्री दिवे, स्वच्छतागृहं, म्हाताऱ्यांना टेकायला बाकं, आणि जिथे पायऱ्या आहेत तिथे चाकाच्या खुर्चीसाठी दुसरी वाट. डेक्कन, छत्रपती संभाजी उद्यान, पीएमसी (महापालिका भवन) आणि संगमाकडच्या टोकाला जिल्हा न्यायालय अशी मेट्रोची चार स्थानकं याच पट्ट्यात असल्याने गाडी आणायची गरजच नाही. स्थानकात वाटेचा नकाशा लावला तरी अर्धं काम होईल. बंडगार्डन ते आगाखान पॅलेस हा टप्पा नंतर घ्यावा. तिकडेही मेट्रो जाते.

महापालिकेने पुढच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. त्याआधी पथ, उद्यान आणि वारसा विभागांच्या अधिकाऱ्यांनी एका रविवारी सकाळी लकडी पुलावरून निघून संगमापर्यंत पायी जावं आणि जिथे जिथे वाट तुटते ती प्रत्येक जागा लिहून नागरिकांसमोर ठेवावी.

आपला,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे ३०