खोडा घेण्यापूर्वी

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गोठ्यासाठी खोडा, म्हणजे इंजेक्शन किंवा तपासणीच्या वेळी जनावराला जागीच धरून ठेवणारी चौकट, घ्यायचे तुम्ही अखेर ठरवलेत, हे ऐकून मला फार बरे वाटले. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा तांबडीला इंजेक्शन द्यायचे होते. तुम्ही खांबाला दाव्याचे दोन वेढे दिलेत, उरलेले टोक तळहाताभोवती गुंडाळलेत, आई तांबडीच्या कुशीला रेलून उभी राहिली आणि सुई लागताच तांबडीने मान झटकली. दावे आवळून तुमच्या करंगळीची कातडी पेरापर्यंत सोलून निघाली, ती सर्वांनीच पाहिली. पण आईच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून गेलेली लाथ फक्त मी पाहिली. गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ झाडत नाही. ती पाय पुढे घेऊन बाजूने फिरवते, त्यामुळे आपण सुरक्षित समजतो ती कुशीजवळची जागाच लाथेच्या टप्प्यात येते. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

जनावरांची ताकद पाहून खोडा घ्यायचा हे खरेच, पण तो चालवायचा कोणी, हे त्याआधी पाहावे. बाबा, तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि आई, तुझ्या बोटांत आता पूर्वीची पकड नाही. ज्याची कडी डोक्याच्या उंचीवर आहे किंवा जी दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय सरकत नाही, असा खोडा कितीही भक्कम असला तरी तुमच्या कामाचा नाही. पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याने चालवून दाखवले एवढ्यावर समाधान मानू नका. आईला एका हाताने फाटक लावून आणि उघडून पाहू दे. मग ते लावून आतून जोराने हलवा. अशा हादऱ्याने कडी जागची सरकत असेल, तर गाईच्या धडकेपुढे ती टिकणार नाही.

सर्वांत जास्त विचार समोरच्या, मान अडकवण्याच्या फाटकाचा करावा लागेल. त्याच्या उभ्या दांड्या काही ठिकाणी सरळ असतात, तर काही ठिकाणी मानेच्या आकाराप्रमाणे वळवलेल्या असतात. वळवलेल्या दांड्यांत डोके खालीवर कमी हलते, त्यामुळे कानात बिल्ला मारणे किंवा तोंडातून औषध पाजणे सोपे जाते. परंतु जनावर गुडघ्यावर बसले तर गळ्यावर दाब येऊन ते गुदमरू शकते. सरळ दांड्यांत डोके थोडे अधिक हलते, मात्र जनावर खाली बसले तरी गळा आवळण्याचा धोका बराच कमी असतो. घाईच्या वेळी तुम्ही दोघेच असता, म्हणून मी सरळ दांड्यांचाच आग्रह धरीन. डोके फार हलले तर म्होरकीचा दोर बाजूच्या दांडीला बांधता येतो. जनावराच्या धक्क्याने आपोआप बंद होणारे फाटकही मिळते आणि एकट्या माणसाला ते सोयीचे वाटते. पण प्रत्येक आकाराच्या जनावरासाठी त्याचे अंतर बदलावे लागते, लहान कालवडी त्यातून निसटतात आणि शिंगे असलेली जनावरे अडखळतात. आपल्या दोन गाईंची शिंगे किती पसरट आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मान अडकली तरी काम सुरक्षित झाले असे होत नाही. मागे मांड्यांच्या उंचीवर आडवा दांडा हवाच; त्यामुळे खोड्यातले जनावर मागे सरत नाही. दांडा पडल्याशिवाय कोणीही मागे जायचे नाही, असा नियमच करावा. खोड्याची एक बाजू पूर्ण उघडणारी आहे ना, हेही पाहावे, कारण पडलेले जनावर समोरून बाहेर काढता येत नाही.

खोड्यापर्यंत नेणारा बोळ आपला आपण बांधता येईल. मोठ्या गाईंसाठी त्याची रुंदी 70 सेंटीमीटरच्या आसपास पुरते. तो जास्त ऐसपैस केला तर जनावर मध्येच उलटे वळते आणि सारी रांग खोळंबते. तीन जनावरे एकामागे एक उभी राहतील एवढी लांबी ठेवावी, कारण पुढे दुसरी गाय दिसली की मागची आपसूक चालते आणि एकटी पडलेली गाय बुजते. बाजूंना फळ्या किंवा पत्रा ठोकून त्या बंद कराव्यात. गाईला थेट पाठीमागचा पट्टा सोडला तर जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण खोलीचा अंदाज तिला नीट येत नाही. म्हणून जमिनीवर पडलेली सावलीची पट्टीसुद्धा तिला खड्ड्यासारखी भासते आणि ती तिथेच थबकते. कुंपणावर टाकलेला सदरा किंवा लोंबणारी साखळीही तेवढीच पुरते. खोड्याचे तोंड उजेडाकडे असावे, मात्र सूर्य थेट डोळ्यांवर येऊ नये. जमीन काँक्रीटची केली तर ती ओली असतानाच खाचा पाडून घ्या. पाय घसरलेले जनावर सर्वांत जास्त घाबरते. लोखंडावर लोखंड आपटते तिथे रबराचे तुकडे लावा.

दोन्ही बाजूंनी दाबणारे महागडे खोडे, वजनकाटा वगैरे आपल्या आठ जनावरांना आज नको. विजेचा झटका देणारी काठी तर गोठ्यात येऊच नये.

खोडा बसवल्यावर पहिले काही दिवस त्यात कोणतेही काम करू नका. दोन्ही टोके उघडी ठेवून, पलीकडे वैरण टाकून, रोज सर्वांना त्यातून जाऊ द्या. तांबडी पुढे गेली की बाकीच्या जातील.

तोवर डॉक्टर आलेच, तर दाव्याचा वेढा खांबालाच द्या आणि टोक मोकळे हातात धरा; हाताभोवती गुंडाळू नका. आई, तू गव्हाणीच्या पलीकडे, तिच्या डोक्याच्या बाजूला उभी राहा.

तुमची,
धाकटी