लुगर पिस्तुलाच्या मॅगझिनवर माझीच टायपिंगची चूक ठोकून पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमचा तक्रारीचा फोन पुण्यात उचलला जातो, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. आडनाव ऐकून पलीकडच्या ताई म्हणाल्या, "मराठीतच लिहा, मी वरती पोचवते." म्हणून ओहायोहून हे पत्र मराठीत.

माझ्याकडे बर्लिनच्या डी.डब्ल्यू.एम. या शस्त्रांच्या कारखान्याचं १९१७ सालचं लुगर पी-०८ आहे. नंबर ४८६३ आणि खाली वळणदार लिपीतलं 'के'. या पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवरही नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. माझ्या पिस्तुलावरचे सगळे '६३' जागच्या जागी आहेत. नाहीत ती फक्त मूळची मॅगझिन्स, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेट्या. सैन्यात पिस्तुलाबरोबर दोन मिळत. दोन्हींच्या लाकडी बुडावर पिस्तुलाचाच नंबर असे, दुसऱ्यावर शिवाय अधिकचं चिन्ह. शंभर वर्षांनंतर आपल्या नंबरचं मॅगझिन मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात हरवलेली चप्पल नेमकी परत सापडण्यातला प्रकार.

तरी "नंबर शोधून देतो" ही तुमची जाहिरात पाहून आशेने तुमच्या चौकशीच्या फॉर्मवर नंबर भरला. तीन आठवड्यांत तुमचा मेल आला, "सापडलं!" मी २८५ डॉलर भरले. (भारतात सुटा भागही शस्त्र कायद्यात येतो, हा छंद तिथे जमलाच नसता. इथे मॅगझिन साध्या टपालाने घरी येतं.) पार्सल उघडलं. मॅगझिनचं अंग खरंच जुनं, निकेलचा मुलामा कडांना विटलेला. उलटं करून बूड पाहिलं. ४८३६, 'के', अधिक.

माझं पिस्तूल ४८६३. फॉर्मची प्रत काढली, तर आकडे मीच उलटसुलट टाइप केलेले. म्हणजे मी यंदा करणार असलेली चूक बर्लिनच्या कारागिराने १९१७ सालीच करून ठेवली होती म्हणायची!

४८३६ हे दुसऱ्या कुणाच्या पिस्तुलाचं खरं मॅगझिन असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं. मग भिंग घेतलं. बुडाचं लाकूड तेल पिऊन काळपट झालंय, पण आकड्यांच्या खाचा आतून नव्या पाटासारख्या फिकट आहेत. 'के' तर सरळ छापील वळणाचं, आजच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या, अक्षरं ठोकायच्या पंचांचं.

त्याच पार्सलमधल्या, पिस्तूल खोलायच्या खटक्याबद्दलही दोन शब्द. त्या काळी ट्रिगर, सेफ्टी, हा खटका असे छोटे भाग तापवून गवतासारखा पिवळा रंग आणत. १९३७ च्या सुमारास, तेव्हा लुगर बनवणाऱ्या माउझर कारखान्याने ते बंद करून तेही निळे केले. तो रंग पोलादाच्या पृष्ठभागावर तापण्यानेच आलेला असतो, फडक्याने पुसला जात नाही. तुमच्या खटक्याचा रंग थिनरच्या फडक्यावर आला. फडकं जपून ठेवलंय.

पूर्ण पैसे टपालखर्चासह परत करा आणि "नंबर शोधून देतो" ही जाहिरात काढा. "नंबर जुळत नाही" असं सांगून हेच मॅगझिन विकलं असतं, तरी मी आनंदाने घेतलं असतं.

आणखी एक. तिरप्या उजेडात धरलं की बुडाच्या एका कडेला जुन्या आकड्याची शेपटी दिसते, बहुधा ७ ची. बाकीचं सगळं तुमच्याकडे कुणीतरी पॉलिश पेपरने घासून काढलंय. घासण्याआधी तो नंबर कुणी कागदावर टिपला असेल, तर कृपया कळवा. ते पिस्तूल ज्याच्याकडे असेल, तोही माझ्यासारखाच कुठेतरी फॉर्म भरत बसला असेल.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बुडाचे चार फोटो, फॉर्मची प्रत, पावती. फडकं मागितल्यास पाठवीन.